मारोतरावांची जबान

जिंतूर रोडच्या बाभळींना कापूस लागला की मला माझा शिकाऊपणाचा हंगाम आठवतो. बाभळीला कापूस लागत नाही हे मलाही कळतं, मी जिंतूरचीच आहे. पण दिवाळीच्या आगेमागे तट्ट फुगलेले टेम्पो या रस्त्यानं परभणीकडं निघतात आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी जाता जाता त्यांना ओरबाडतात. मग काट्यांवर पांढरे पुंजके लटकत राहतात. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून त्यांचे फोटो काढतात, 'किती सुंदर' म्हणतात. मला ते कधी सुंदर वाटलं नाही. कुणाच्या तरी बोटांची सालं काढून आलेला तो कापूस असतो आणि आता तो कुणाच्याच कामाचा राहिलेला नसतो.

यंदाही तो लागला. माझ्या दवाखान्यात वेचणीच्या बाया यायला लागल्या. माझ्या पाटीवर 'वाचा-उपचार व श्रवण-तपासणी' असं लिहिलेलं आहे. लोक त्याला कानाचा दवाखाना म्हणतात आणि मला कानाची म्याडम. सकाळच्या गारव्यात कान दुखतो म्हणून या बाया त्याच रानातला कापूस लसणाच्या तेलात बुडवून कानात कोंबतात. अर्धा बोळा बाहेर निघतो, अर्धा आत राहतो, आणि तो मी चिमट्यानं काढते. "माय, उजेड पडल्यावानी झालं," एक म्हातारी परवा म्हणाली. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून बोटं मोडली. "लय पुण्याचं काम करायलीस पोरी. भैऱ्याला कान देतीस, मुक्याला जबान देतीस." मी मान डोलावली. जबान देण्याबद्दल कुणी माझं कौतुक केलं की मला हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

शेवटच्या वर्षाला आम्हा विद्यार्थ्यांना एक हंगाम बाहेरच्या केंद्रावर घालवावा लागे. वर्गातल्या पोरी समुद्रकाठच्या गावांसाठी भांडत होत्या. माझ्या वाट्याला परभणी आली, माझाच जिल्हा. चार वर्षं शहरात राहून मी जिथून निघाले होते तिथंच, फक्त पांढरा कोट घालून, परत आले. केंद्र गावाच्या कडेला होतं. पुढं रस्ता, मागं सोयाबीनचं रान. श्रवण-तपासणीसाठी एक खोली होती, भिंतींना आतून जाड फोम लावलेली. कानावर हेडफोन चढवून पेशंटला आत बसवायचं आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायला सांगायचं, अशी ती तपासणी. पण मागच्या रानात हडंबा सुरू झाला, म्हणजे सोयाबीन काढायचं मशीन, की त्या फोमला कुणी विचारत नसे. पेशंट हडंब्याच्या तालावर बोट वरखाली करत बसायचे. आम्ही हसायचो आणि बाहेर मॅडम उभ्या असायच्या.

मॅडम म्हणजे आमच्या पर्यवेक्षक. आमच्या प्रत्येक तासावर त्यांची सही लागे आणि सही करताना त्या अशा बघायच्या की आपण त्यांच्या पदरचं काही मागतोय. त्यांचं मराठी इस्त्री केलेलं होतं. माझं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी अहवाल वाचताना 'आमी तपासलं' म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

"आमी? 'ह' कुठं गेला?"

"गावाकडं राहिला, मॅडम," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, हातात आरसा दिला आणि वर्गमैत्रिणीला माझी थेरपी घ्यायला लावली. आम्ही. तुम्ही. नाही. म्हणताना आरशावर वाफ आली पाहिजे, नाही आली तर पुन्हा. बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंट दारातून बघत होते, त्यांतला एकही 'आम्ही' म्हणणारा नव्हता. वाफ आली, 'ह' आला, अजून आहे. घरी गेले की वडील म्हणतात, "लय शुद्ध बोलायलीस, घरी आलीस का भाषणाला?" त्या बाईचा मला आजही राग येतो. तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही.

या शिक्षणात एक शब्द फार लवकर अंगवळणी पडतो, 'चांगली केस'. चांगली केस म्हणजे चांगला बिघडलेला माणूस. ज्याचं बोलणं पुस्तकात लिहिल्याप्रमाणं नेमकं मोडलंय, जो फार थकत नाही, ज्याला घेऊन येणारं कुणीतरी आहे आणि जो परीक्षेपर्यंत जरासा सुधारेल, पण पूर्ण नाही. अशा माणसासाठी आम्ही एकमेकींशी बोलणं टाकायचो. आता माझ्याकडं पोरं शिकायला येतात, तीही पहिल्या दिवशी लाजत लाजत तेच मागतात. "मॅडम, एखादी चांगली केस द्या ना." मी देते. आपल्याला जे मिळालं ते पुढं द्यावं, एवढी माणुसकी माझ्यात आहे.

माझी चांगली केस होती वालूरचे मारोतराव. पोळ्याच्या आधी रानात उभ्या उभ्या कोसळले. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला की ही दोन्ही एकदम जातात. बोलणं जाण्याला आम्ही वाचाघात म्हणतो, गावात म्हणतात जबान गेली. अशा माणसाला समजतं सगळं, फक्त शब्द निघत नाही. पण काहींच्या तोंडात एखादाच शब्द मागं राहतो आणि काहीही बोलायचं झालं तरी तोच बाहेर येतो. असा पेशंट मिळावा म्हणून पोरी नवस बोलतात. मला तो मिळाला आणि त्याच्यावर डोळा ठेवून असलेल्या एका वर्गमैत्रिणीनं माझ्याशी बोलणं टाकलं.

दसऱ्यानंतर ते एसटीनं यायला लागले. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला बायको, मध्ये मारोतराव. उंच, पांढऱ्या मिशांचे, टोपीची घडी अजून कडक. बायको बुटकी, काळीसावळी, चालताना पुढं झुकलेली. फाइलवर नातेवाइकाचं नाव लिहायचं म्हणून मी तिला विचारलं, तर ती जरा गडबडली. "माझं व्हय? अनुसया. अनुसया लिवा." म्हणताना तिनं दाराकडं बघितलं, ते नाव बाहेर कुणी ऐकलं तर काय, असं.

मी मारोतरावांपुढं बसले. "मामा, तुमचं नाव काय?"

त्यांनी ओठ जुळवले, मान ताणली, कपाळावर शीर फुगली. "रांडे," ते म्हणाले.

"हे काय आहे?" मी पेन दाखवला.

"रांडे."

"आज वार कोणता?"

"रांडे. रांडे!"

पुस्तकातलं पान जिवंत होऊन समोर बसलं होतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी फाइलमध्ये तोंड घातलं. 'एकच अर्थहीन उच्चार वारंवार', मी लिहिलं. मग शिकवलेलं समुपदेशन आठवलं. खुर्ची बाईंकडं वळवली आणि आवाज मऊ केला. "मावशी, मनाला लावून घेऊ नका हं. ते शिवी देत नाहीयेत. मेंदूला इजा झाली की नेहमीचे शब्द जातात आणि असे शब्द मागं राहतात. त्यांना कळतसुद्धा नाही ते काय बोलतायत. हे आजारामुळं होतंय."

अनुसयाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आजारानं न्हाई म्हणत म्याडम ते," त्या म्हणाल्या. "मला हाक मारायलेत. लगीन झाल्यापासून हेच नाव हाय माझं." आणि नवऱ्याकडं वळून, "काय पायजे? पाणी का?"

मारोतरावांनी मान हलवली. अनुसयाबाईंनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या तोंडाला लावली.

मी धावत मॅडमकडं गेले. मला वाटलं, त्या निदान क्षणभर गप्प होतील. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उच्चार अर्थहीन नाही! हेतू आहे, व्यक्ती ठरलेली आहे. अगं, ही तर फार आशादायक गोष्ट आहे. फाइलमध्ये दुरुस्त कर." मी 'अर्थहीन' खोडलं आणि 'सहेतुक' लिहिलं.

उपचाराची एक जुनी रीत आहे. पेशंटच्या तोंडात जो शब्द शिल्लक आहे, तोच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याला वाचायला द्यायचा. आपसूक निघणारा शब्द आधी त्याच्या ताब्यात आणायचा, मग त्याला धरून दुसरा, तिसरा. रीत चांगली आहे, मी आजही वापरते. तेव्हा मी पुठ्ठ्याचं कार्ड कापलं आणि जाड काळ्या पेननं तो शब्द लिहिला. अनुसयाबाई शेजारीच बसलेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं म्याडम त्याच्यावर?"

"शब्द आहे, मावशी."

"कंचा?"

मी बोलायच्या आत मारोतरावांनी कार्डाकडं बघून तो मोठ्यानं वाचून दाखवला. एका दमात, न अडखळता. झटका बसल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही वाचलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरं," अनुसयाबाई म्हणाल्या. मग कार्ड जवळ घेऊन बघितलं. "अक्षर चांगलं हाय तुमचं."

दिवाळी झाली आणि सोयाबीन संपलं. हडंबे थांबले तरी कान त्यांच्या आवाजाची वाट बघत राहायचे. त्याच दिवसांत ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आमच्याकडं एक चिमुरडी यायची, जन्मतः बहिरी, गालावर खळी पडणारी. तिच्या कानाचं माप घेऊन मऊ साचा करायला पाठवला होता. श्रवणयंत्र त्या साच्यावर बसतं. साचा आला त्याच्या आदल्या दिवशी तिचे आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले. उन्हाळ्यात परत आले तेव्हा साचा डबीत तसाच होता, पण कान मोठा झाला होता. आम्ही तो घालून बघितला, तर तो ढिला बसला आणि यंत्र शिट्टी मारायला लागलं. पोरीला ती ऐकू येत नव्हती, म्हणून ती एकटीच हसत होती. या हंगामाचं मी कौतुक करावं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ती डबी उघडून बघावी.

मारोतराव मात्र सुधारत होते. 'रां' म्हणायचं, पुढचं गिळायचं, जीभ वर टेकवून थांबायचं. मी माझ्या ओठांकडं बोट दाखवायची, ते बघायचे, घाम पुसायचे. एक दिवस त्यांच्या तोंडून 'रान' निघालं. स्वच्छ, मोकळं. ते स्वतःच दचकले. मी टाळी वाजवली, मॅडम आतून आल्या, त्यांनीही वाजवली. पुढच्या खेपेला 'रानात' आलं. मारोतराव लहान मुलासारखं हसले आणि मला त्यांची मायासुद्धा वाटली, हेही सांगून टाकते. ज्याची जीभ महिनोन्महिने दगड होऊन पडली होती त्याला एक शब्द मिळाला की त्याचा चेहरा कसा होतो, ते बघितलेलं माणूस हे काम सोडू शकत नाही.

"आता रानात काम सांगतेत," अनुसयाबाई म्हणाल्या. मला तेव्हा ती गंमत वाटली.

नवरा शेजारच्या खोलीत व्यायामाला गेला की त्या माझ्यापाशी बसायच्या आणि हळूहळू बोलायला लागल्या. पोरगा चाकणला कंपनीत, त्यानंच बापाला इकडं पाठवायचा हट्ट धरला होता. या साली सोयाबीन त्यांनी स्वतः मोंढ्यावर नेलं, भाव पसंत पडला नाही म्हणून एकदा परतसुद्धा आणलं. हिरव्या बांगड्या घेतल्या. चुडाव्याच्या बहिणीकडं रेल्वेनं गेल्या आणि मुक्काम केला, आयुष्यात पहिल्यांदा. "खिडकीपाशी बसले म्याडम. गपचिप बगत गेले. कुणी उठ म्हणलं न्हाई." भूक लागली की जेवत होत्या, नवऱ्याचं ताट वाढायच्या आधी. दुपारी जरा लवंडत होत्या. "वाईट बोलू ने," त्या म्हणाल्या, "पर या साली लय मजा आली बगा." आणि पदर तोंडावर धरून हसल्या. गेली साठ वर्षं ते हसू कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

आम्हाला नातेवाइकांचे कान तपासून सराव करावा लागे. म्हणून मी एक दिवस त्यांनाच फोमच्या खोलीत बसवलं. उजवा कान ठणठणीत. डाव्या कानात मी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, शेवटी मशीनचा काटा संपला. बाई समोर बघत बसल्या होत्या.

"मावशी, हा कान कधीपासून?"

"ह्यो? ह्यो तर पहिल्या सालीच गेला की. बैलाला पाणी दावायला येळ झाला व्हता."

समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात डाव्या कानावर पडतो. हे समजायला चार वर्षं शिकावं लागत नाही. तोच हात आता मारोतरावांच्या मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला असायचा. झटक्यानं त्यांची जबान आणि तो हात दोन्ही एकदम नेली होती. माझ्या पुस्तकात याला दुहेरी हानी म्हटलं होतं.

अहवाल बघून मॅडम म्हणाल्या, "डावा कान गेलाय आणि ही बाई नेहमी नवऱ्याला डावीकडं घेऊन बसते. मग त्याचा शब्द तिच्यापर्यंत पोचणार कसा? चांगला कान त्याच्याकडं करायला सांग." शास्त्र म्हणून त्यात काही चूक नव्हती. मी खुर्च्या बदलल्या. आता मारोतराव त्यांच्या उजवीकडं बसायला लागले. त्यांचा मेलेला हात पलीकडं गेला आणि धडधाकट हात बायकोच्या बाजूला आला.

एक वेडेपणा मात्र मी माझ्या मनानं केला. नवीन कार्डावर 'अनुसया' लिहिलं. सोपं नाव आहे, स्वरानं सुरू होतं, ओठ फार लागत नाहीत. मी अनुसयाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की ठसकाच लागला. "ते कुणाचं नाव हाय म्हणतेत!" मी कार्ड मारोतरावांपुढं धरलं. "मामा, बघा. अ... अनु..." त्यांनी कार्ड वाचलं. वाचलं हे मला दिसलं. मग मान फिरवली. मी कार्ड त्या बाजूला नेलं. त्यांनी सावकाश माझ्याकडं बघितलं, बायकोकडं नाही, माझ्याकडं, आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "रांडे."

मग अनुसयाबाईंनीच माझ्या हातातलं कार्ड काढून बाजूला ठेवलं. "बगा," त्या म्हणाल्या. "आता तुमचंबी तेच नाव पडलं."

संक्रांतीच्या सुमाराला त्या एकदा आल्या तेव्हा उजव्या कानावरून पदर घट्ट ओढलेला होता. मारोतरावांना व्यायामाला सोडून त्या माझ्यापुढं बसल्या. "ह्या कानात शिट्टी वाजायलीय, म्याडम. बगा बरं जरा." मी दिवा लावून आत बघितलं. पडदा लालभडक आणि कडेला रक्ताचा ठिपका.

"काय झालं?"

"रानातून यायला येळ झाला." त्या बाहेरच्या भिंतीकडं बघत होत्या. "'रानात' म्हणले सकाळी. गेले. मंग, येळ काऊन केला म्हणून..." मग एकदम हसल्या, पण तोंडावर पदर न धरता. "डावा हात लय भारी चालायलाय आता. शेजारच्या खोलीतल्या सरास्नी सांगा, पास करतेत तुमाला."

माझ्या हातातला दिवा मी बंद केला नव्हता, तो टेबलावर जळत पडला. त्या पुढं वाकल्या आणि माझ्या मनगटाला धरलं. कापूस वेचून त्यांची बोटं चिरा पडलेली होती, ती चिरचिरत टोचली.

"एक मागू का म्याडम? एवढ्यावरच राहू द्या आता. जबान नका वाढवू. पाणी पायजे, जेवण पायजे, हे मला न बोलता कळतंय. बाकी जे बोलायचं ते साठ साल बोलून झालंय त्यांचं."

मी मॅडमकडं गेले. या वेळी धावत नाही. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "तक्रार करायचीय का त्यांना? विचार. आपण सोबत जाऊ." मी विचारलं. अनुसयाबाई म्हणाल्या, "ह्या वयात? पोराला काय सांगू? लकवा मारलेल्या बापाला पोलिसात दिलं म्हणू?" मी परत गेले. मॅडमनी चष्मा घातला.

"मग आपल्या हातात काय आहे? आपण वाचा देतो, वळण नाही. वाचा हा त्या माणसाचा हक्क आहे. तो चांगला आहे म्हणून नाही, माणूस आहे म्हणून." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा, "परीक्षा जवळ आली. वाक्याची लांबी वाढव."

त्यांच्या या बोलण्यावर मी आजवर वाद घालतेय, मनातल्या मनात, भाजी चिरताना, बसमध्ये, पेशंटच्या घशात दिवा धरलेला असताना. अजून एकदाही जिंकले नाही. त्यांचं चुकलं असं दाखवून देता आलं असतं तर मला झोप चांगली लागली असती. घशातून आवाज काढून देणं माझं काम, त्या आवाजाचं तो माणूस काय करील याचा धडा आमच्या पुस्तकात नाही आणि असता तर तो कुणी लिहिला असता? मारोतरावांना बोलायचं होतं. खुर्चीत बसून घाम गाळत ते एकेक शब्द ओढून काढत होते, माझ्या बघण्यातला सगळ्यात कष्टाळू पेशंट. आणि त्या प्रत्येक शब्दाबरोबर शेजारची बाई बारीक होत होती, हेही मला दिसत होतं. वाक्याची लांबी वाढली.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. वयस्कर, गोड बोलणारे, हैदराबादकडचे असावेत, कारण प्रत्येकाला 'तशरीफ ठेवा' म्हणत होते. खोलीत मॅडम, मागं आमचा सगळा वर्ग, मध्ये मारोतराव कडक टोपी घालून. अनुसयाबाई त्यांच्या शेजारी, मी बसवलेल्या बाजूला. चाकणचा पोरगा मोबाइलवरून बघत होता.

मी एकेक कार्ड पुढं केलं. मारोतरावांनी सगळी वाचली. पाणी. चहा. भाकर. घर. परीक्षक मान डोलवत होते. मग म्हणाले, "कार्डं राहू द्या. आपल्या मनानं काही बोलू द्या त्यांना. जनाब, घरी सकाळी उठल्यावर काय बोलता?"

मारोतरावांनी मान ताणली. कपाळावरची ती शीर आली. त्यांनी शेजारी बघितलं. "रांडे," ते म्हणाले, मग श्वास घेतला. "रानात जा."

तीन शब्द. संबोधन, स्थळ, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मागच्या बाकावर पोरींनी श्वास सोडला. परीक्षकांनी भुवया जरा उंचावल्या, गालात हसले, आणि काहीतरी लिहिलं. मग ते बाईंकडं वळले. रीतच आहे तशी. पेशंट चाचणीत कितीही बोलो, घरात काय फरक पडला हे शेवटी घरच्या माणसानं सांगायचं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त गुण.

"मावशी, तुम्ही रात्रंदिवस यांच्याजवळ असता. तुम्हीच सांगा. या मुलीच्या इलाजानं काय फरक वाटतो?"

अनुसयाबाईंना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्यांनी उजवा कान पुढं केला. परीक्षकांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं नाही, एवढं तरी मी केलं. मोबाइलमधून पोरगा म्हणाला, "सांग की माय."

"फरक काय सांगू साहेब," त्या म्हणाल्या. आवाज सपाट होता. "झाले बगा पहिल्यासारके. जशे होते तशे झाले."

परीक्षकांनी पेन खाली ठेवला. "पहिल्यासारखे!" ते मॅडमना म्हणाले. "इतक्या वर्षांत हा शब्द नातेवाइकाच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकलाय. शाब्बास बेटी." ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग मॅडम उठल्या, मग वर्ग उठला, जिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं तीही. फोमच्या भिंतीपर्यंत खोली टाळ्यांनी भरून गेली. अनुसयाबाईंना काय चाललंय ते कळेना. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या हातांकडं एकेक करून बघितलं आणि मग स्वतःही टाळ्या वाजवायला लागल्या. मारोतरावांना एका हातानं टाळी वाजवता येत नव्हती, म्हणून ते डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होते, आणि तो आवाज आमच्या सगळ्यांच्या टाळ्यांहून मोठा येत होता.